एसी, गिझर आणि गाडी एकाच मीटरवर

आमची इलेक्ट्रिक गाडी घरी आली ती मे महिन्यात, म्हणजे नागपुरात कोणतंही नवं काम अंगावर घेऊ नये अशा दिवसांत. पूजा झाली, पेढे वाटून झाले, आणि रात्री साडेनऊला मी ती पोर्चमधल्या प्लगला लावली. वर मुलांच्या खोलीत एसी, खाली सासूबाईंच्या खोलीत दुसरा एसी, हॉलमध्ये कूलर, स्वयंपाकघरात इंडक्शनवर दूध. पाच-सात मिनिटांत अख्खं घर अंधारात. समोरच्या घरी टीव्ही चालू होता, म्हणजे लाईन गेली नव्हती. आमचाच मेन पडला होता. अंधारातून आई म्हणाल्या, "पेट्रोलच्या गाडीनं कधी घरचे लाईट नव्हते घालवले बाप्पा."

त्यांचं म्हणणं खरंच होतं. गाडी वीज फार खाते असं मात्र नाही. महिन्याचा हिशेब केला तर ती एखाद्या जुन्या एसीइतकीच खाते. घोटाळा होतो तो ती केव्हा खाते यावरून. हे मला कळायला एक उन्हाळा आणि एक वितळलेला प्लग लागला. नवी गाडी घेणाऱ्याला तेवढा वेळ लागू नये म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते आहे.

आधी लाईट बिल

गाडी बुक करण्याआधीच शेवटची बारा बिलं काढा. कागद सापडत नसतील तर महावितरणच्या ॲपमध्ये ग्राहक क्रमांक टाकला की दिसतात. बिलावर तीन गोष्टी बघायच्या: मंजूर भार (एका वेळी जास्तीत जास्त जेवढी वीज ओढायला मंजुरी आहे तो आकडा) किती, जोडणी सिंगल फेज की थ्री फेज, आणि महिन्यावार वापर. जुन्या घरांच्या बिलावर मंजूर भार एक-दोन किलोवॅटच लिहिलेला असतो. घर बांधलं तेव्हा दोन पंखे आणि एक फ्रिज होता. नंतर एसी आले, गिझर आले, कागदावरचा आकडा तसाच राहिला. गाडी आली की तो वाढवून घ्यावाच लागतो. अर्ज ऑनलाईन होतो. सोबत परवानाधारक ठेकेदाराचा तपासणी अहवाल मागितला, तर ज्या ठेकेदाराकडून वायरिंग करून घ्याल त्याच्याकडूनच घ्या. दोन माणसं शोधत बसू नका.

आता पैशांचा हिशेब. बहुतेक लोक बिलाची एकूण रक्कम घेतात, एकूण युनिटांनी भागतात आणि त्या सरासरी दरानं गाडीचा खर्च काढतात. तो कमी निघतो आणि पहिलं बिल आलं की घरात वाद होतो. घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढतो: 100 युनिटपर्यंत एक, 101 ते 300 दुसरा, 301 ते 500 तिसरा, त्यापुढे चौथा. चढा दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटांना लागतो, सगळ्या बिलाला नाही. पण गाडीचे युनिट घरच्या वापराच्या डोक्यावर बसतात, म्हणून त्यांना नेहमी वरच्याच टप्प्याचा दर पडतो.

उदाहरण घ्या. रोज 40 किलोमीटर फिरणं आहे आणि गाडी लहान आहे. मीटरवर मोजलं तर एका युनिटला सात किलोमीटरच्या आसपास पडतात, म्हणजे दिवसाला साधारण सहा युनिट आणि महिन्याला 180. डिसेंबरात घरचा वापर 230 असेल तर बेरीज 410: गाडीचे 70 युनिट दुसऱ्या टप्प्यात, 110 तिसऱ्यात. मे महिन्यात एसीमुळे घरचाच वापर 450 झाला असेल तर बेरीज 630: गाडीचे 50 युनिट तिसऱ्या टप्प्यात आणि 130 थेट चौथ्यात. गाडी तीच, रस्ता तोच, पण मे महिन्यातलं चार्जिंग डिसेंबरपेक्षा महाग. तुमच्या बिलावरचे त्या टप्प्याचे दर घ्या, त्यात वहन आकार आणि इंधन समायोजन मिळवा, वर 16 टक्के वीज शुल्क लावा. जो आकडा येईल तो खरा. तो पेट्रोलच्या खर्चाच्या पुष्कळच खाली असतो, तेव्हा घाबरू नका. फक्त शोरूममधल्या पोराने सांगितलेला आकडा घरी सांगू नका.

एका वेळी किती भार

एक कागद घ्या आणि घरात जे जे जास्त वीज ओढतं ते लिहून काढा. दीड टनाचा एसी जोरात चालताना दीड किलोवॅटच्या आसपास घेतो, इन्व्हर्टर एसी खोली थंड झाल्यावर पुष्कळ कमी. साठवणीचा गिझर दोन किलोवॅट, झटपट पाणी तापवणारा तीन. इंडक्शन दोन. इस्त्री एक. टाकीत पाणी चढवणारी एक एचपीची मोटर जवळपास एक. आपला वाळ्याच्या जाळीचा कूलर बिचारा दोनशे वॅटवर भागवतो, म्हणून नागपूरच्या बिलांनी इतकी वर्षं फार त्रास दिला नाही.

आता गाडी. तिच्यासोबत येणारा साधा चार्जर 15 अँपिअरच्या प्लगला लागतो आणि सुमारे 3.3 किलोवॅट ओढतो. दोन एसींपेक्षा जास्त, आणि तोही तासन्‌तास, मध्ये न थांबता. एसीचा कॉम्प्रेसर अधूनमधून दम घेतो. चार्जर बॅटरी भरत येईपर्यंत दम घेत नाही. भिंतीवर लावायचा मोठा चार्जर 7.2 किलोवॅटचा असतो, तो एकटाच 32 अँपिअरच्या आसपास मागतो.

आमच्या त्या रात्रीची बेरीज अशी: गाडी 3.3, दोन एसी 3, इंडक्शन 2, कूलर-फ्रिज-पंखे-दिवे मिळून 0.8. झाले 9.1 किलोवॅट. 230 व्होल्टला भागलं की जवळजवळ 40 अँपिअर. आमच्या मेनचा खटका 32 चा. तो पडला नसता तरच नवल. इंडक्शन काढा आणि गाडी चार तास पुढे ढकला: बेरीज 3.8. घरातली एकही गोष्ट कमी केली नाही, फक्त रांगेत उभी केली.

या कागदावर नागपूरची एक मजा दिसते. इथे उन्हाळ्यात गिझर लागत नाही (दुपारी टाकीच्या पाण्यानं हात भाजतो) आणि हिवाळ्यात एसी लागत नाही. म्हणजे गाडीचं भांडण वर्षभर एकाच वस्तूशी नसतं. एप्रिल ते जून रात्रीच्या एसीशी, डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या गिझरशी. मुंबईच्या नातेवाइकानं सांगितलेलं वेळापत्रक इथे जसंच्या तसं चालत नाही ते यामुळे.

मोठा चार्जर घ्यावा का? शहरात रोज 40-50 किलोमीटर फिरणाऱ्याला माझं स्पष्ट मत: नको. रोजचे सहा युनिट साध्या चार्जरवर दोन तासांत भरतात. रात्रभर गाडी उभीच असते. मोठ्या चार्जरसाठी जाड वायर, वाढीव भार आणि बहुतेक घरांत थ्री फेज घ्यावं लागतं, आणि थ्री फेजचा स्थिर आकार सिंगल फेजपेक्षा बराच जास्त असतो, तो दर महिन्याला. दर आठवड्याला समृद्धीवरून संभाजीनगर-नाशिक करणारे असाल तर गोष्ट वेगळी.

वायरमनला काय सांगायचं

इथे सावकाश वाचा, कारण पैसे वाचवण्याच्या नादात सगळ्यात मोठी चूक इथेच होते. मी केली.

पोर्चमधला प्लग दिसायला 15 अँपिअरचाच होता. त्यावर कूलर चालायचा, कधी पाणी मारायचा प्रेशर पंप. मग गाडी का नाही चालणार? चौथ्या दिवशी प्लग काढायला गेले तर तो हाताला चटका देत होता, आणि सॉकेटच्या एका भोकाभोवती प्लॅस्टिक तपकिरी झालं होतं. वायरमन भाऊ आले, पेटी उघडली आणि आतली वायर दाखवून म्हणाले, "म्याडम, हे तर दिड एमएमचं वायर आहे. यावर गाडी लावून राहिले तुम्ही? वायर गरम होऊन राहिली, घर जळलं नाही हेच नशीब."

तर सांगायचं ते असं. गाडीसाठी मीटर बोर्डापासून स्वतंत्र लाईन ओढा, वाटेत दुसरा एकही प्लग नको. साध्या चार्जरला तांब्याची 4 स्क्वेअर एमएम वायर, मोठ्या चार्जरला किमान 6. पार्किंग मीटरपासून लांब असेल तर एक माप वरचं. महाल-इतवारीकडच्या जुन्या घरांत अजून ॲल्युमिनियमच्या वायरी सापडतात, त्यावर तर मुळीच नाही. या लाईनवर तिचा स्वतःचा 20 अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा खटका) आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज बाहेर गळली की पडणारा खटका) हवा. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. दुकानदार म्हणेल एकात भागतं, ऐकू नका. आरसीसीबी 'ए' टाइपचा मागा, घरात सर्रास लावतात तो 'एसी' टाइपचा असतो (या 'एसी'चा थंड हवेच्या एसीशी संबंध नाही). सॉकेट भिंतीवरच्या साध्या प्लगऐवजी जाड पिनांचा इंडस्ट्रियल घ्या आणि पावसाचं पाणी उडणार नाही अशा पेटीत, कमरेच्या उंचीवर बसवा. एक्स्टेन्शन बोर्ड, मल्टिप्लग, खिडकीतून काढलेली वायर हे काहीही नाही. एका रात्रीसाठीसुद्धा नाही.

अर्थिंगचं नागपुरात वेगळं प्रकरण आहे. आपली काळी माती पावसात लोण्यासारखी असते आणि मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं. चार्जर फार हट्टी असतो. अर्थिंग नीट मिळालं नाही की लाल दिवा लावून बसतो. मग लोक गाडीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करतात, मेकॅनिक येऊन बघतो, गाडीत काही नसतं. वायरमनकडून मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. ते दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. नुसता टेस्टर लावून "आहे अर्थिंग" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. अर्थिंगचा खड्डा कुठे आहे ते स्वतः बघून ठेवा. एप्रिलपासून दर दोन-तीन दिवसांनी त्यात बादलीभर पाणी ओतायचं. आमच्याकडे हे काम तुळशीला पाणी घालण्याबरोबर होतं.

पहिला आठवडा रोज एक तपासणी करा: चार्जिंग सुरू झाल्यावर अर्ध्या तासानं प्लगला आणि एमसीबीला हात लावून बघा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर बंद करा आणि वायरमनला बोलवा, मग रात्रीचे अकरा का वाजले असेनात.

नवा मीटर वाचायला शिका

महावितरणने नागपुरात स्मार्ट मीटर बसवायला सुरुवात केली तेव्हा गल्लोगल्ली एकच चर्चा होती: हा मीटर पळतो. प्रीपेडची भीती वेगळीच. सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं सरकारनं 2024 मध्ये जाहीर केलं. आता जे बसतात त्यांचं बिल पूर्वीसारखंच वापर झाल्यावर येतं. फरक एवढाच की वापर कोणत्या वेळी झाला हेही मीटर नोंदवतो आणि रीडिंग स्वतःच पाठवतो. फोटो काढायला माणूस येत नाही, "घर बंद होते" म्हणून सरासरी बिल लागत नाही.

मीटर पळतो की नाही हे तपासायला गाडी हे घरातलं सर्वांत चांगलं साधन आहे. एका सकाळी फ्रिजसकट सगळं बंद करा, मीटरचं रीडिंग लिहा, गाडी बरोबर एक तास लावा, पुन्हा रीडिंग लिहा. साध्या चार्जरवर फरक 3.3 युनिटच्या आसपास यायला हवा. आमच्याकडे 3.2 आला आणि गल्लीतली चर्चा माझ्यापुरती संपली. गाडी बॅटरी काठोकाठ भरत आलेली असताना हा प्रयोग करू नका. शेवटच्या टप्प्यात चार्जर हळू होतो. आणि गाडीच्या स्क्रीनवर 2.8 दिसलं म्हणून भडकू नका. बॅटरीत पोचेपर्यंत दहा-पंधरा टक्के वीज उष्णतेत जाते, ती मीटरवर मोजली जाते. तुमच्या प्रयोगात फरक खरोखरच मोठा आला तर रीडिंगचे फोटो घेऊन लेखी तक्रार करा. फोनवर 1912 आहेच.

मीटरवरचं बटण दाबत गेलात की आकडे बदलतात. त्यात किलोवॅटमध्ये येणारा 'एमडी' असा एक आकडा असतो: त्या महिन्यात एका वेळी सर्वांत जास्त किती भार गेला तो. गाडीवाल्यांनी बघायचा तो हाच. केंद्राच्या 2023 मधल्या ग्राहक हक्क नियमांत याबद्दल दिलासा आहे. स्मार्ट मीटर बसण्याआधीच्या काळासाठी त्याच्या एमडीवरून दंड लावता येत नाही. आणि एका वर्षात किमान तीनदा मंजूर भार ओलांडला गेला तरच तो वाढवायचा, तोही त्यातल्या सर्वांत कमी आकड्यावरून. म्हणजे एखाद्या लग्नघरी एका रात्री सगळं एकदम चाललं म्हणून आभाळ कोसळत नाही. पण दर महिन्याला तेच होत असेल तर आपणच अर्ज करून भार वाढवलेला बरा.

वेळ ठरवणं

1 जुलै 2025 पासून टीओडी मीटर (म्हणजे वापराची वेळ नोंदवणारा हाच नवा मीटर) असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळात वापरलेल्या विजेवर युनिटमागे 80 पैशांची सवलत लागू झाली. दर वीज नियामक आयोगाच्या आदेशांनुसार बदलत राहतात, तेव्हा तुमच्या ताज्या बिलावर सवलतीची ओळ आहे का आणि किती, ते बघा. सवलतीचं कारण सोपं आहे. दिवसा सूर्याची वीज मुबलक येते आणि ती वापरायला माणसं कमी असतात. संध्याकाळी सूर्य मावळतो, सगळे घरी येतात, मग सगळा भार कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावर.

आता 80 पैशांत किती हशील? गाडीचे सगळे 180 युनिट दिवसा भरले तरी महिन्याला 144 रुपये. चार जणांच्या घरात एका रविवारचे तर्री पोहे आणि चहा. त्यासाठी नोकरदार माणसानं दुपारी ऑफिसातून घरी येऊन गाडी लावावी असं मी सांगणार नाही. घरात निवृत्त माणसं असतील, किंवा घरूनच काम असेल, तर मात्र डोळे झाकून दिवसा लावा.

बाकीच्यांसाठी दोन वेळा.

एक, रविवार. सकाळी 9 ला लावली आणि संध्याकाळी 5 ला काढली तर साध्या चार्जरवर 26 युनिट जातात. दीडशेहून जास्त किलोमीटर झाले. रोजचं जाणं-येणं वीस-पंचवीस किलोमीटर असणाऱ्याला आठवडाभर बघायला नको. त्यातही 9 ते 1 हा माझा आवडता काळ: स्वयंपाक उरकत आलेला असतो, एसी अजून सुरू व्हायचे असतात.

दोन, मध्यरात्रीनंतर. उन्हाळ्यात रात्री अकरापर्यंत भिंतीच तापलेल्या असतात, एसी जोरात चालतो. एक-दोनच्या पुढे खोली थंड होते, इन्व्हर्टर एसी हळू होतो, बाकी घर झोपलेलं असतं. बहुतेक गाड्यांत चार्जिंगची वेळ लावून ठेवता येते. गाडीत किंवा तिच्या ॲपमध्ये शोधा. प्लग रात्री नऊलाच लावायचा, चार्जिंग दोनला आपोआप सुरू होतं, चारपर्यंत संपतं. ज्या गाडीत ही सोय नाही तिच्यासाठी बाजारातला शेदोनशे रुपयांचा टायमर प्लग विकत घेऊ नका. त्याला एवढा भार तासन्‌तास झेपत नाही. माझा वितळलेला प्लग तुम्हाला आठवत असेलच. काही चार्जरांवर किंवा गाडीत करंट कमी करता येतो, 15 ऐवजी 10 अँपिअर. उन्हाळ्यात रात्रभर गाडी उभीच असेल तर तो उपाय फार छान. वेळ दीडपट, भार दोन तृतीयांश, आणि वायर थंड.

संध्याकाळी 6 ते 11 मात्र टाळायचंच. ऑफिसातून आल्याआल्या गाडी लावायची सवय पेट्रोल पंपावरून आलेली आहे: टाकी भरली की बरं वाटतं. पण याच वेळी तुमच्या घरात सगळं चालू असतं आणि तुमच्या गल्लीत पण. चौकातली डीपी (गल्लीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) समजा 200 केव्हीएची, म्हणजे ढोबळमानानं दोनशे किलोवॅटची आहे. तिच्यावरच्या तीस घरांत गाड्या आल्या आणि सगळ्यांनी साडेसातला लावल्या, तर नुसत्या गाड्यांचाच भार शंभर किलोवॅट. बाकी अर्ध्यात सगळ्यांचे एसी बसवायचे. मग फ्यूज जातो, आणि लाईनमन येईपर्यंत बिनगाडीवाले शेजारीसुद्धा घामाघूम.

हिवाळ्यात मध्यरात्रीचं वेळापत्रक चालूच ठेवा, फक्त पाचच्या आत संपेल असं बघा. आमच्या आई पाचला उठून गिझर लावतात, त्या वेळेला मी हात लावू शकत नाही. पावसाळ्यात कुणाशीच भांडण नाही. सॉकेटची पेटी कोरडी आहे ना, तेवढं बघायचं.

नवतपा

25 मेच्या सुमारास नवतपा (उन्हाळ्यातले कडक तापाचे नऊ दिवस) लागतो आणि पारा 45-46 वर बसतो. 23 मे 2013 ला शहरानं 47.9 अंश बघितले आहेत. असल्या दिवसांत भर दुपारी वर्धा रोडवरून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नका. बॅटरी आधीच तापलेली असते. गाडी मग आधी बॅटरी थंड करण्यात वीज घालवते आणि चार्जिंग रेंगाळतं. सावलीत तास-दोन तास उभी राहू द्या. पोर्चला हिरवी जाळी लावली तर फायदा होतो. रोज 100 टक्के भरायचीही गरज नसते, 80 पुरतात. काही बॅटऱ्यांना, विशेषतः एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या, अधूनमधून पूर्ण भरलेलं लागतं. तुमच्या गाडीचं काय ते तिच्या पुस्तिकेत असतं, शेजाऱ्याच्या गाडीवरून ठरवू नका.

फ्लॅटमध्ये असाल तर

मनीष नगर, बेसा, बेलतरोडीकडे आता फ्लॅटच फ्लॅट. तिथे विजेपेक्षा मीटिंग अवघड. सोसायटीच्या कॉमन मीटरवरून गाडी लावायची चूक करू नका. पहिल्याच महिन्यात लिफ्टचं बिल कोण भरतंय यावरून नाती तुटतात. नशिबानं मीटरची खोली बहुतेक तळमजल्यावर पार्किंगजवळच असते. तुमच्या स्वतःच्या मीटरपासून तुमच्या पार्किंगपर्यंत पाईपमधून वायर न्यायची, खर्च तुमचा, बिल तुमचं. सोसायटीला लेखी पत्र द्या. त्यात वायरचा मार्ग, एमसीबी-आरसीसीबी आणि ठेकेदाराचं नाव लिहा. तोंडी विचारलं की तोंडीच नाही मिळतं.

गाडीसाठी वेगळी वीजजोडणीही घेता येते. तिला ईव्ही चार्जिंगचा दर लागतो, घरगुती टप्पे लागत नाहीत, पण स्थिर आकार वेगळा भरावा लागतो. घरचा वापर आधीच पाचशेच्या वर असेल आणि गाडी खूप धावत असेल तरच दोन्हीकडचा हिशेब मांडून बघा. इमारतीत पाच-सहा गाड्या झाल्या की मात्र आपसांत वार ठरवा. एका रांगेतल्यांनी सोम-बुध-शुक्र, समोरच्यांनी मंगळ-गुरू-शनि. ऐकायला शाळेच्या डब्यासारखं वाटतं, पण चालतं.

सोलरबद्दल एवढंच: स्वतःची गच्ची असेल तर घ्या. 2024 पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे, आणि तेवढे पॅनल नागपुरात वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला बारा युनिटच्या आसपास देतात. गाडीचे सहा त्यात आरामात बसतात. मे महिन्यात पॅनलवर धुळीचा थर बसतो, आठवड्यातून एकदा पहाटे धुवा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

लाईट गेली आणि आली

वळवाचा पाऊस येतो तेव्हा आधी वावटळ, मग विजा, मग लाईट जाते. आभाळ भरून आलं की गाडीचा प्लग काढून ठेवा. घरच्या इन्व्हर्टरवर गाडी चालत नाही, प्रयत्नही करू नका. खरी गडबड लाईट परत येते त्या क्षणी होते. बऱ्याच गाड्या प्लगला लागलेल्या असतील तर न विचारता पुन्हा चार्जिंग सुरू करतात. त्याच सेकंदाला फ्रिज, दोन्ही एसी आणि रिकामा झालेला इन्व्हर्टर, सगळे एकदम उपाशासारखे तुटून पडतात. खटका पुन्हा पडतो आणि आपण खिडकीतून महावितरणला नावं ठेवतो.

म्हणून लाईट गेली की आधी गाडीच्या लाईनचा एमसीबी खाली करायचा, मग मेणबत्ती शोधायची. आली की फ्रिज, पंखे, पाच-दहा मिनिटांनी एक एसी, मग दुसरा. गाडी रात्री दोनला. आमच्याकडे आता हा एमसीबी आईच पाडतात, टॉर्च घेऊन, मला हाक मारायच्या आत. त्यावर त्यांनी कुंकवाचं एक बोट लावून ठेवलं आहे, म्हणजे अंधारात चुकीचा खटका पडू नये.